काठाबाहेरची रेघ

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला तेव्हा प्रीतमने आधी ओळखले ते वडिलांचे, आबांचे पाय. गॅलरीच्या गजांतून बाहेर आलेली दोन पावलं, टाचांना भेगा, डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलेलं. समोरच्या विंगमधून कुणीतरी मोबाइल लांबवून फोटो काढला होता. पावलांच्या वर धोतर, धोतरावर आडवी ठेवलेली लांबडी वस्तू, तिला आईच्या जुन्या लुगड्याची खोळ, आणि खोळीच्या तोंडातून बाहेर आलेली लाकडी मूठ. मुठीवर आबांचा हात. फोटोखाली लिहिलं होतं, ‘बी विंग, तिसरा मजला. ही बंदूक आहे का? खाली आपली मुलं खेळतात.’ मीटिंगला या म्हटलं की ज्या ग्रुपवर चिटपाखरू फिरकत नाही, तिथे भराभर माणसं जागी झाली. कुणी जोडलेले हात टाकले, कुणी लाल तोंडं टाकली, एकाने नुसतंच ‘बापरे’ लिहिलं.  प्रीतमने फोन पालथा घातला, मग सरळ केला, मग पुन्हा पालथा घातला. मांडीवरच्या लाकडाचा भुसा झटकायचंही त्याला सुचलं नाही. तेवढ्यात पालथा फोन वाजायलाच लागला. सेक्रेटरी चंद्रहास. बँकेतून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ, शिडीवर चढलेल्या पोराला ‘बाळा उतर’ म्हणणाऱ्यांपैकी. “प्रीतमभाऊ, रागावू नका,” ते म्हणाले, “पण मला इतके फोन आलेत की गप्प बसणं शक्य नाही. मी पोलीस स्टेशनला कळवलंय. संध्याकाळी एक जण येऊन जाईल. परवाना आहे ना?” “आहे,” प्रीतम म्हणाला, आणि मग जीभ चावून, “म्हणजे होता. सोमवारी जमाच करायची होती मी.” “मग आजच द्या की. घरातून गेली म्हणजे विषय संपला.” चंद्रहासांनी हे इतक्या मायेने सांगितलं की प्रीतमला त्यांचा रागही धड करता येईना.

विषय संपला. प्रीतमने मांडीवरच्या लाकडाकडे बघितलं. सोमवारपर्यंत विषय संपवायची त्याचीही तयारी चाललीच होती, फक्त त्याला सोमवार हवा होता. बंदूक आबांची. त्यांचं दयाराम हे नाव वसईजवळच्या पापडी गावात नुसतं उच्चारलं तर लोक ‘बंदूकवाले का?’ असं विचारत, कारण आसपासच्या वाड्यांत पीकसंरक्षणाचा परवाना असलेली ती एकच एकनळी. चिकूवर वटवाघळं उतरली, केळीच्या लोंगरांवर माकडं आली, की आबा बावखलाच्या, वाडीतल्या तळ्याच्या, काठावर उभे राहून आकाशात एक बार काढत. जीव एकाही प्राण्याचा घेतला नाही. आवाज झाला की वाडी राखली गेली, असा त्यांचा हिशेब होता. निवडणूक लागली की परवानेवाल्यांनी हत्यारं चौकीत जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची, हाही रिवाज होता, आणि तेवढे दिवस घरात आबांशी बोलायची सोय नसे. ते जेवत, पण काय जेवले ते त्यांना सांगता येत नसे. आता वाडी गेली. राखायला पीकच नाही, तर परवान्याची मुदत वाढवायची कशावर? ती संपली आणि तिकडे कुणी फिरकलं नाही. पापडीचं घर मोडून फुलपाड्याच्या ह्या फ्लॅटमध्ये येताना बंदूक गाद्यांच्या वळकटीत घालून टेम्पोत चढवली, तेव्हा प्रीतम सारा रस्ता त्या वळकटीवर बसून आला होता. आयुष्यभर त्याने बंदुकांचंच काम केलं, पण कधी लोखंड घरी आणलं नाही. मुंबईच्या दुकानातून यायचं ते नुसतं लाकूड. दस्त्यावर, म्हणजे बंदुकीच्या मागच्या लाकडावर, हात निसटू नये म्हणून रेघांची जाळी पाडायची, वेल कोरायची, पॉलिश मारायचं आणि लाकूड परत. आता दस्ते प्लॅस्टिकचे आले, ते दुकानही मिटलं, आणि तो वसईला एका कारखान्यात देव्हाऱ्यांच्या खांबांवर हात फिरवतो. खांब मशीन कोरतं, हा फक्त त्यावरची लव काढतो. महापालिकेची निवडणूक लागली तसा चौकीतून फोन आला, की दयाराम नावावरची बंदूक जमा करा, आणि मुदत संपलेली आहे तेव्हा ती परत मिळणार नाही. हे दुसरं वाक्य त्याने बायकोला, हेमालीलाही दोन दिवसांनी सांगितलं. आबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता.

“सांगा ना, निवडणूक आहे, येईल परत,” हेमाली म्हणाली होती. तिला वाटलं, सोपं आहे. सोपं ते गेल्या निवडणुकीपर्यंत होतं. त्या वेळी आबांच्या डोक्यातल्या गोष्टी नुकत्याच जागा सोडायला लागल्या होत्या. बंदूक चौकीत होती, आणि एका दुपारी आबा घरात नव्हते. वाडी, बावखल, देवळामागची गल्ली, चर्चचं आवार, सगळं पालथं घातलं. ते सापडले जूचंद्रच्या पलीकडे, मिठागरांच्या बांधावर, अनवाणी, पायांची सालटं निघालेली, आणि हातात एरंडाची काठी खांद्याला लावून उभे. “वाडीत कोन हाय?” ते विचारत होते. “वाडीत कोन हाय? कोनच नाय?” मीठ काढणाऱ्या बायांनी त्यांना पाणी पाजून सावलीत बसवलं नसतं तर त्या उन्हात ते राहिले नसते, हे डॉक्टरांनी प्रीतमला तोंडावर सांगितलं. बंदूक परत आली त्या दिवशी आबांनी ती मांडीवर घेतली, मुठीवर हात ठेवला आणि बसल्या जागी झोपले. तेव्हापासून रोज हेच. सकाळी चहा झाला की बंदूक मांडीवर. मुठीला हात लागला की श्वास संथ. काडतूस घरात एकही नव्हतं, ती केव्हाच जमा झाली होती. तेव्हा प्रश्न बंदुकीचा नव्हताच. आबांच्या हाताला तिथे काहीतरी लागतं आणि ते लागलं की ते घरात राहतात. उद्या ते लागलं नाही तर ते जिना उतरून चालू लागतील, आणि फुलपाड्याच्या रिक्षांच्या गर्दीत माणूस मिठागराच्या बांधापर्यंत पोचतसुद्धा नाही. हा विचार प्रीतमच्या छातीवर येऊन बसे आणि उठायचं नाव घेत नसे.

म्हणून हे दुसरं लाकूड. तसंच शिसव, तोच घाट, तीच मूठ, उजव्या अंगावर तीच तीन पानांची पानवेल. आत पोकळी काढून त्याने पाचूबंदरहून आणलेलं कोळ्यांच्या जाळ्याचं शिसं भरलं होतं, म्हणजे वजन जुळेल, आणि पुढे नळीच्या लांबीचा बांबू. लुगड्याची खोळ चढवली की डोळ्यांना फरक कळणार नव्हता. हेमालीने विचारलंही, “नवीन लाकूड बंदुकीला लावा आणि जुनं आबांना द्या, एवढा खटाटोप कशाला?” बायकांना आपल्यापेक्षा चार अकला जास्त असतात हे प्रीतमला मान्य होतं. पण परवान्यावर लिहिलेलं होतं, ‘दस्त्यावर पानवेल कोरलेली, डाव्या अंगास ओरखडा’. सरकारजमा करायची तर जशी आहे तशीच, आधीच मुदत संपलेली. त्यात नव्या लाकडावर लोखंड बसवायचं म्हणजे लोखंडाला काजळी लावून लाकडावर डाग उठेल तिथे महिनाभर खरवडत बसायचं. तेव्हा जुनं जाणार आणि नवं राहणार. नव्याची दोन्ही अंगं झाली होती. जाळी एकसारखी पडली होती, बोट फिरवलं की बारीक कण्या चुरचुरत. राहिली होती एकच गोष्ट, आणि ती गेले कितीतरी दिवस राहतच चालली होती. ओरखडा.

सरकारी भाषेत ओरखडा. पापडीचे इनासमामा त्याला ‘सुटलेली’ म्हणत. इनासमामा चर्चची बाकं आणि संतांच्या मूर्तींची आसनं करायचे, आणि अधूनमधून वाडीवाल्यांच्या, शिकाऱ्यांच्या बंदुकींचे दस्ते. प्रीतम शाळा सुटली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसे. पहिले कित्येक महिने त्यांनी त्याला फक्त थांबायला शिकवलं. दस्त्यावर आधी काठ आखायचा, मग काठाच्या आत दोन तिरप्या मूळ रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. पुढचं सगळं त्या दोघींवर. दोन दातांचं हत्यार असतं, एक दात झालेल्या रेघेत चालतो आणि दुसरा शेजारी नवी रेघ पाडतो. म्हणजे प्रत्येक रेघ आधीच्या रेघेचा हात धरून येते, आणि आधीची बारीकशी वाकडी असली तर मागच्या साऱ्या वाकड्या. पण सगळ्यात मोठं पाप म्हणजे काठ ओलांडणं. रेघ काठाशी येऊन थांबली पाहिजे, अलीकडे नाही, पलीकडे तर नाहीच. “रेघ काय, कोनीपन ओढील,” इनासमामा म्हणायचे, “थांबाचा कोनाला येतो?” प्रीतमला थांबायला आलं. मनगटाच्या आत कुठेतरी एक कडी बसली, जी काठ आला की आपोआप पडायची. ती पक्की बसली असं इनासमामांनी म्हटलं तेव्हा त्याला अजून विशीही लागली नव्हती, आणि त्या भरात त्याने आबांकडे बंदुकीचा दस्ता मागितला. तोवर तो दस्ता साधा होता, गुळगुळीत. घामाने हात निसटतो, अशी आबांचीच तक्रार असे. पडवीत बसून त्याने पानवेल कोरली, उजवं अंग पुरं केलं. डावं अंगही होत आलं होतं. आबा वाडीतून आले आणि त्याच्या मागे उभे राहिले.  पाठीमागे त्यांच्या अंगाचा ओल्या मातीचा आणि विडीचा वास आला, आणि प्रीतमला एकदम वाटलं, दाखवावं यांना. त्याने जोर लावला. हत्यार काठ ओलांडून गेलं, लाकडावरून सुटलं आणि दस्ता धरलेल्या डाव्या हाताच्या तळव्यात घुसलं.

त्या दिवसाचं त्याला फार नीट आठवतं, आणि आठवतं ते सगळं लाकडाचंच. काठाच्या बाहेर गुळगुळीत शिसवावर उमटलेली तांदळाच्या दाण्याएवढी रेघ. तिच्यात उतरलेलं रक्त. त्याने आधी लाकूड पुसलं, कारण रक्त लाकडात मुरलं की निघत नाही. सदऱ्याने पुसलं, मग थुंकी लावून पुसलं. आबांनी वाकून दस्ता त्याच्या हातातून काढून घेतला. “राऊ दे आता,” ते म्हणाले, आणि दस्ता फळीवर ठेवून वाडीत निघून गेले. आई त्याला टाके घालायला घेऊन गेली. आबा आले नाहीत. रात्रभर तळवा ठणकत होता आणि तो विचार करत होता की आता ते दस्ता फेकून देतील. दुसऱ्या दिवशी तो इनासमामांकडे गेला. मामा हसले. “काठ रुंद कर. सुटलेली रेघ काठाच्या पोटात जाते. आमी सगले तेच करतो.” तेवढ्या आनंदात तो घरी धावत आला तर आबांनी दस्त्याला हात लावू दिला नाही. “राऊ दे,” परत तेच. तो चिडला, रडकुंडीला आला, आईला मध्ये घातलं. नाहीच. तशीच सुटलेली रेघ घेऊन बंदूक पुन्हा खुंटीवर चढली, आणि प्रीतमला कळून चुकलं की ही शिक्षा आहे.

मग दर दसऱ्याला ती शिक्षा नव्याने बजावली जाई. शस्त्रपूजेला बंदूक पाटावर, तिला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि आपट्याची पानं द्यायला आलेल्या प्रत्येकासमोर आबा ती उचलून घ्यायचे. “आमच्या प्रीतमची,” एवढंच म्हणायचे. आणि बघणारे पानवेल बघत असताना त्यांचा अंगठा मुठीवरून पलीकडे जाऊन त्या सुटलेल्या रेघेवर बसलेला असायचा. हळूहळू घासत. पुढे, मागे. पानवेल नाही, दोन्ही अंगांची ती केसासारखी बारीक जाळी नाही. साऱ्या कामात जिथे चूक तिथे नेमका अंगठा. प्रीतम पेढ्यांचं ताट घेऊन उभा असायचा आणि त्या अंगठ्याकडे बघायचा. त्याला आबांचा राग यायचा, इतका की ताटातले पेढे हलायचे. नंतर त्याने मुंबईच्या दुकानात शेकडो दस्ते केले, मोठमोठ्या लोकांच्या बंदुकींना त्याची जाळी लागली, आणि एकाही दस्त्यावर कधी रेघ काठाबाहेर गेली नाही. दुकानदार म्हणायचा, तुझा हात आहे की मशीन. त्याला ते ऐकून बरं वाटायचं नाही. आपण आयुष्यभर एका तांदळाच्या दाण्याची फेड करत बसलोय, असं वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही. आता आबांना प्रश्न कळत नाहीत, आणि अंगठा मात्र तसाच चालू आहे. गॅलरीत, रोज, सकाळपासून. पुढे, मागे.

तो अंगठाच आता फसवायचा होता. आबांचे डोळे फसले असते, वजनही फसलं असतं, पण अंगठा त्या जागी जाणार आणि तिथे गुळगुळीत लाकूड लागलं की सगळं मुसळ केरात. तेव्हा रेघ सुटायला हवी. प्रीतमने शिसवाच्या तुकड्यांवर करून बघितलं होतं. खिडकीखाली त्या तुकड्यांचा ढीग होता. काठ आखायचा, हत्यार आणायचं आणि काठ ओलांडायचा. पहिल्यांदा हात काठाशी थांबला. दुसऱ्यांदाही. मग त्याने दातओठ खाऊन पलीकडे ढकललं तर रेघ सरळ, स्वच्छ, एकसारख्या खोलीची आली, जणू मोजून काढलेली. चुकीला एक घाई असते. ती सुरुवातीला खोल असते, मग उथळ होते, मग लाकूड सोडताना जराशी वळते. ते वळण त्याच्या हाताला जमेना. डोळे मिटून केलं. डाव्या हाताने केलं. हेमालीला सांगितलं की मागून धक्का दे. ती आधी हसली, मग त्याचा चेहरा बघून तिने खरंच धक्का दिला, आणि मनगटातली ती कडी धक्क्याच्याही आधी पडली. “तुम्हाला साधं चुकता येत नाही होय?” ती म्हणाली. ती थट्टाच करत होती, पण तो तिच्यावर खेकसला. 

आणि आता संध्याकाळ. चारची उन्हं कलली होती, जीवदानीच्या डोंगराची सावली खालच्या चाळींवर आली होती. खाली मुलांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालू होता, आणि मधूनच तो थांबे तेव्हा प्रीतमला वाटे, जीप आली. त्याने दस्ता शिकंज्यात न लावता मांडीवर घेतला, त्या दिवशी घेतला होता तसा. डाव्या हाताने धरला. हत्याराचा दात शेवटच्या रेघेत ठेवला. आबा मागे उभे आहेत, असं मनाला सांगितलं. ओली माती, विडी. मन म्हणालं, फुलपाडा, तिसरा मजला, पोलीस येतायत. गॅलरीतून आबांचा आवाज आला, “कोन हाय?” हेमाली म्हणाली, “मी आहे आबा.” “वाडीत कोन हाय?” “मीच आहे वाडीत.” ही उत्तरं ती आता न अडखळता देते. प्रीतमच्या कपाळावरून घाम नाकावर आला. त्याने दात पुढे सरकवला. काठ जवळ आला. आता सोड, त्याने हाताला सांगितलं, एकदाच सोड, माझा बाप उन्हात चालत जाईल, सोड. हात काठाशी येऊन थांबला. इतका सुंदर थांबला की इनासमामांनी पाठ थोपटली असती. प्रीतमला रडू आलं. ते तोंडातून बाहेर येऊ नये म्हणून त्याने ओठ आत ओढले, पुन्हा दात रेघेत ठेवला, आणि दारावरची बेल वाजली. बेलनेही हात हलला नाही.

दारात चंद्रहास होते आणि त्यांच्यामागे एक हवालदार, पोट सुटलेला, चेहऱ्याने बरा. “जितेश म्हणून,” चंद्रहासांनी ओळख करून दिली, जणू स्थळ घेऊन आले होते. “काका कुठायत?” हवालदाराने बूट काढत विचारलं. बूट काढणारा पोलीस बघून हेमालीला जरा धीर आला, तिने पाणी आणलं. “निवडणुकीचे दिवस, वरून फोटो फिरतोय,” तो म्हणाला. “नुसती घेऊन जातो, पावती देतो. रिकामी आहे ना?” “रिकामी आहे,” प्रीतम म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं की पापडी सोडल्यापासून आपण ती उघडून बघितलेलीच नाही. काडतुसं जमा केली होती, पण ती आईने मोजून दिली होती, आणि आईला मोजता येत होतं ते नारळ. आबांनी एखादं कुठे ठेवलं असेल तर? कोनाड्यात, धोतराच्या सोग्यात, नळीत? त्याचा चेहरा बघून हवालदाराने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. “बघितलंय ना तुम्ही?” “बघतो,” प्रीतम म्हणाला. चंद्रहास न कळत भिंतीच्या आडोशाला सरकले. सज्जन माणूस, पण जीव कुणाला प्यारा नसतो.

प्रीतम गॅलरीकडे निघाला तेव्हा नवा दस्ता त्याच्या काखेत होता आणि हत्यार उजव्या मुठीत तसंच. ते ठेवायचं राहून गेलं होतं. आबा खुर्चीत होते, बंदूक मांडीवर आडवी, आणि खोळीतलं नळीचं टोक आता नेमकं खोलीकडे वळलेलं, हेमाली उभी होती त्या बाजूला. “हेमाली, तू आत जा,” तो शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाला. ती हलली नाही. तिला अजून काही कळलं नव्हतं. “आबा, द्या जरा. तेल घालतो.” आबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ओळख नव्हती, पण भीतीही नव्हती. खोलीत उभा असलेला खाकी रंग दिसला तशी ती आली. “कोन आला?” “कुणी नाही.” “कोन आला वाडीत?” त्यांची बोटं मुठीवर आवळली. एक बोट पुढे गेलं, चापाच्या दिशेने, लुगड्याच्या खाली.  प्रीतमने गुडघे टेकले, टोक स्वतःकडे घेतलं, छातीवर, म्हणजे हेमाली सुटली, आणि काखेतला दस्ता आबांच्या मांडीवर टेकवून जुन्याला हात घातला. “हे घ्या आबा, हे तुमचं, हे धरा.” आबांनी ओढलं. म्हाताऱ्या हातांत एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. प्रीतमने ओढलं. दोन्ही लाकडं एकमेकांवर आपटली, त्याच्या मुठीतलं हत्यार कशावरून तरी करकरत गेलं, आणि एका क्षणी जुनी मूठ आबांच्या हातून निसटली.

त्याने बंदूक छातीशी धरून तशीच खोलीत आणली, खोळ ओढली, नळी बिजागरीवर खाली झुकवून उघडली आणि उजेडाकडे धरली. आत धूळ होती आणि कोळ्याचं जाळं. पलीकडे दारातल्या दिव्याचा गोल ठिपका दिसत होता. “रिकामी,” तो म्हणाला, आणि बंदूक हवालदारापुढे धरली. हवालदाराने बंदूक घेतली, दस्ता फिरवून बघितला, डाव्या अंगावर बोट ठेवलं. “हाच ओरखडा ना?” “हाच.” त्याने पुन्हा पानवेलीकडे बघितलं. “काम भारी आहे हो,” तो म्हणाला, आणि खोळ परत ठेवून बंदूक पोत्यात गुंडाळली. चंद्रहास बाहेर आले, प्रीतमच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले, त्यातला एकही शब्द त्याला ऐकू आला नाही. त्याचं लक्ष गॅलरीत होतं. दार बंद झालं. त्याने हातातल्या हत्याराकडे बघितलं. दाताला शिसवाचा काळपट भुसा लागला होता.

गॅलरीत आबा नवा दस्ता मांडीवर घेऊन बसले होते. बांबू खोळीविना उघडाच होता, पण तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. प्रीतम खुर्चीशी जाऊन बसला आणि त्याने बघितलं. डाव्या अंगावर काठ फोडून एक रेघ बाहेर गेली होती. जुनीच्या जागी नाही, चांगली वीतभर खाली, आणि तांदूळ कसला, बोटाएवढी लांब, सुरुवातीला खोल, मग उथळ, शेवटाला वळलेली. कडेने लाकडाची कुसळं उभी होती. गेले इतके दिवस जी मागत होता ती आली होती, पण भलत्या जागी. आबांचा अंगठा मुठीवरून पलीकडे गेला. जुन्या जागी पोचला. तिथे काही नव्हतं. अंगठा थांबला, मागे आला, पुन्हा तिथेच गेला. आबांच्या कपाळावर आठी आली. श्वास भराभर व्हायला लागला. ते खुर्चीतून उठायला बघताहेत हे प्रीतमला त्यांच्या गुडघ्यांवरून कळलं, आणि त्याने दारापर्यंतचं अंतर, जिन्याच्या पायऱ्या, खालच्या रिक्षा, सगळं एकदम डोळ्यांपुढे बघितलं. त्याने अंगठा धरून नव्या रेघेवर न्यावा म्हणून हात पुढे केला, पण तेवढं धाडस झालं नाही. अंगठा स्वतःच खाली उतरत होता. आंधळ्यासारखा, काठाकाठाने, चाचपत. कुसळांना लागला आणि थांबला.

आबा हलेनासे झाले. मग त्यांचा चेहरा प्रीतमकडे वळला, आणि त्या चेहऱ्यावर असं काही होतं जे प्रीतमने पडवीत त्या दिवशी मागे वळून बघितलं असतं तर त्याला दिसलं असतं.

“लागला का रे हाताला?” आबा म्हणाले.

 प्रीतमच्या हाताला काही लागलं नव्हतं. आबांनी लाकडावरचा हात उचलला. “दाखव.” त्याने डावा हात पुढे केला, उताणा. आबांनी तो दोन्ही हातांत घेतला, उजेडाकडे केला आणि अंगठा तळव्यावर फिरवायला लागले, बोटांच्या मुळापासून मनगटाकडे, रक्त शोधत. मध्येच अंगठा थांबला. तिथे टाक्यांची जुनी पांढरी खूण होती, तांदळाच्या दाण्याएवढी. आबांचा अंगठा तिच्यावरून हळूहळू फिरू लागला. पुढे, मागे. इतकी वर्षं बंदुकीवर फिरत होता तसाच. प्रीतमला हुंदका आवरेना आणि आता त्याने तो आवरलाही नाही. स्वयंपाकघराच्या दारात हेमाली पदराने डोळे पुसत उभी होती.

“सुकला,” आबा म्हणाले. “सुकला सगला. रडतो कशाला?” आणि खालून जीप सुरू झाल्याचा आवाज आला, फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागल्याचा आवाज आला, तरी त्यांनी मान वर केली नाही. प्रीतमचा हात त्यांच्या मांडीवर होता.